चौपन्न किलो

४ मार्च, सोमवार

व्यायामाच्या बाईंनी प्रत्येकाला एक वही दिली आणि सांगितलं, रोज तीन गोष्टी लिहायच्या. काय केलं, काय खाल्लं, काय जमलं. बाकी काही लिहिलंत तरी मी वाचणार नाही, म्हणाल्या. तर मग बाकीचंच जास्त लिहीन. चौतीस वर्षं वजनमापांचा निरीक्षक म्हणून दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडलो. नोंद केल्याशिवाय घडलेली गोष्ट मला घडल्यासारखी वाटत नाही.

तर नोंद अशी. गेल्या मंगळवारी हिला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत घेताना माझा डावा गुडघा दुमडला आणि आम्ही दोघं पलंग आणि खुर्चीच्या मधे पडलो. ही खाली, मी वर. डिसेंबरात हिचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण तेव्हापासून पाय तिला धरत नाहीत. तिला उठता येत नाही हे जुनंच आहे. मला उठता आलं नाही, हे नवीन. दोन तास आम्ही तसेच पडून होतो. ती एकदाच बोलली, "गॅसवर दूध नाही ना ठेवलंत?" शेवटी शेजारीणबाई वर्तमानपत्र परत द्यायला आल्या आणि दार नुसतं लोटलेलं होतं म्हणून सुटका झाली.

दुसऱ्या दिवशी मुलगी धावत आली. मला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी माझ्या मांड्या चाचपल्या आणि एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. वयाबरोबर स्नायू झिजतात, त्याचं नाव. आमच्या लहानपणी त्याला म्हातारपण म्हणायचे. पण याला उपाय आहे म्हणाले. वजन उचला, प्रथिनं खा, सत्तरीतही स्नायू धरतात.

निघताना मुलगी म्हणाली, "बाबा, तीन महिने देते. एकतीस मेला मी येणार. माझ्यासमोर आईला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात आणि परत पलंगावर, एकट्याने घेऊन दाखवायचं. जमलं तर प्रश्नच मिटला. नाही जमलं तर आई केंद्रात जाईल. मी जागा सांगून ठेवलीय."

केंद्र म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यांना ठेवतात ते. बायकांचा वॉर्ड वेगळा. भेटायची वेळ चार ते पाच. हातीपायी धड असलेल्या नवऱ्याला तिथे जागा नाही. मुलीचंही चूक म्हणवत नाही, दर वेळी फोन वाजला की ती तिकडे दचकते. मदतीला दोन बाया ठेवून झाल्या, हिने दोघींना पळवून लावलं. परक्या हाताने संडासाला जाणार नाही हा हिचा हट्ट. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

मुलगी बोलत होती तेव्हा ही भिंतीकडे तोंड करून पडली होती. अट्ठेचाळीस वर्षांत तिला रडताना मी फार वेळा पाहिलेलं नाही, आणि तेव्हाही पाठच दिसत होती.

आजची मोजमापं. हाताची पकड : अठरा किलो. हात न टेकता खुर्चीवरून उठणं, अर्ध्या मिनिटात : पाच वेळा. बाई म्हणाल्या, तुमच्या वयाला निदान अकरा हव्यात. पकड मोजायचं यंत्र शेवटचं कधी तपासून घेतलंत, असं मी विचारलं. बाई हसल्या. मी हसण्यासाठी विचारलं नव्हतं.

७ मार्च, गुरुवार

वर्ग वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरतो. अकरा खुर्च्या, अकरा म्हातारे, भिंतीला एक लांब दांडा. बाई तिशीच्या असतील, पण आवाज हेडमास्तरीणबाईंचा. खुर्चीवरून उठा, बसा. टाचा उचला, टेकवा. वाळू भरलेल्या बाटल्या खांद्यापर्यंत न्या. बाटलीवर "१ किलो" असं लिहिलंय. एक घरी नेऊन तोलली, एक किलो एकशेतीस भरली. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "काका, मग तुमचा फायदाच झाला की."

शेजारच्या खुर्चीवर एक माजी बस कंडक्टर बसतो. किडकिडीत, कुठूनही वाकेल असा. कुणी उठायला वेळ लावला की अजूनही "चला, पुढे सरका" म्हणतो. मला पहिल्याच दिवसापासून "साहेब" म्हणायला लागला, आणि त्यात आदर नाही हे मला कळतं.

घरी मी माझी स्वतःची वजनं वापरणार आहे. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने मला लोखंडी वजनांचा पूर्ण संच दिला होता. वीस, दहा, पाच, दोन, एक. त्यांच्यावरच्या शिक्क्याची मुदत संपून अकरा वर्षं झाली. मुदत शिक्क्याची संपते, वजनाची नाही.

केलं : उठाबशा दहा, मधे थांबून. खाल्लं : दूध, डाळ, एक अंडं. जमलं : काही नाही. हिला उचलताना शेजारीणबाईंना बोलवावं लागलं.

११ मार्च, सोमवार

बाईंनी आहाराचा कागद दिला. रोज दोन अंडी, दोन वेळा दूध, मूठभर शेंगदाणे. मी दोन अंडी उकडली, एक माझं, एक हिचं. हिने आपलं माझ्या ताटलीत टाकलं. म्हणाली, "मला काय करायचंय? मी पडून असते. तुमच्या दंडाला लागेल."

मग जरा वेळाने म्हणाली, "अहो, मी फार जड आहे का?"

मी म्हटलं, "चौपन्न किलो. दवाखान्याच्या कागदावर आहे."

"आणि तुम्हाला किती येतं?"

"पकड अठरा आहे. पण पकड वेगळी आणि उचलणं वेगळं. अजून बराच पल्ला आहे."

ती बोटांवर काहीतरी मोजत बसली. मी तिला समजावून सांगितलं की कुठलाही तराजू तपासायचा तर एक प्रमाण वजन लागतं, जे कधी बदलत नाही. त्याच्याशी बाकी सगळं ताडून बघायचं. "तू माझं प्रमाण वजन," म्हटलं. "चौपन्न. जसजशी तू मला हलकी वाटशील तसतसा मी ताकदवान झालो असं समजायचं." कल्पना मला आवडली. तिलाही आवडली असावी, कारण बराच वेळ ती माझ्याकडे बघत राहिली.

२० मार्च, बुधवार

आज वाईट दिवस. बाईंनी दिलेला कापडी पट्टा हिच्या कमरेला बांधला, शिकवल्याप्रमाणे पाठ सरळ, गुडघ्यात वाकलो, छातीशी घेतलं, एक दोन तीन. निम्म्यावर हात सुटायला लागले. कशीबशी पलंगाच्या कडेवर टेकवली. तिच्या कपाळाला माझी हनुवटी लागली आणि दोघांनाही टेंगूळ आलं.

"नाकापेक्षा मोती जड झालाय तुमच्या," ती म्हणाली. मी हसलो, पण मला भीती वाटली होती. गुडघा अर्धा तास थरथरत होता. दोन महिने अकरा दिवस राहिले. हे होणार नाही असं आज मला पहिल्यांदा वाटलं, आणि इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही.

३ एप्रिल, बुधवार

जमलं. सकाळी पलंगावरून खुर्चीत, एकट्याने, न थांबता. मी इतका चकित झालो की तिला खुर्चीत ठेवल्यावर पुन्हा उचलून पलंगावर ठेवलं. तेही जमलं. ती म्हणाली, "मी काय पोतं आहे का इकडून तिकडे करायला?" पण खूश होती. डोळ्यांतून कळत होतं.

वर्गात सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "छान, पण काका, महिन्यात एवढा फरक सहसा पडत नाही. घाई करू नका." मी मनात म्हटलं, बाई, सहसा लोक चौतीस वर्षं वीस किलोची वजनं दुकानांच्या पायऱ्यांवरून वाहून नेत नाहीत. जुनं हाड आहे.

केलं : उठाबशा पंचवीस. खाल्लं : अंडी दोन. जमलं : चौपन्न किलो, दोनदा.

१५ एप्रिल, सोमवार

हिचं हल्ली नवीन. जेवताना मी समोर नको. "तुम्ही समोर बसलात की मला घास उतरत नाही," म्हणते. ताट हिच्या पुढ्यात ठेवायचं आणि मी गॅलरीत जाऊन माझ्या वजनांशी झटायचं. वीस मिनिटांनी ताट चकचकीत. आजारी माणसाची भूक कमी होते म्हणतात, हिची बरी टिकून आहे. खिडकीत शेजारणीचं मांजर येऊन बसतं, तेवढीच तिला सोबत. मांजर मात्र बरंच गुबगुबीत झालंय. शेजारीणबाई त्याला काय घालतात कोण जाणे.

अंग पुसायलाही आता मी नको. कोमट पाणी आणि टॉवेल ठेवायचा, दार ओढून घ्यायचं. मी हरकत घेतली नाही. कपाटाचा आरसाही फिरवायला लावला, त्यातून उजेड डोळ्यांवर येतो म्हणे. माझा एक डोळा मोतीबिंदूने गेल्यासारखाच आहे, त्यामुळे उजेड कुठून कुठे जातो हे मला काही कळत नाही.

२६ एप्रिल, शुक्रवार

वर्गात पुन्हा मोजमापं झाली. पकड एकवीस. अर्ध्या मिनिटात उठाबशा नऊ. बाई म्हणाल्या उत्तम. मला समाधान वाटलं नाही. घरी मी हिला पिसासारखी उचलतो आणि यंत्र म्हणतं अठराचे एकवीस. यंत्र कमी दाखवतंय हे उघड आहे. पुन्हा तपासणीचा विषय काढला. कंडक्टर म्हणाला, "साहेब, आता त्या यंत्राला सील ठोका."

घरी आलो तर हिची अंगठी चादरीत सापडली. "साबणाने घसरली," म्हणाली. मी दोऱ्याचे चार वेढे घालून परत बोटात घातली. दोऱ्याचं काम मला चांगलं जमतं. जप्तीच्या मालाला मीच गाठी मारायचो.

८ मे, बुधवार

बाईंनी विचारलं, "काकू खातात ना नीट? झोपून राहिलेल्या माणसाचे स्नायू तुमच्यापेक्षा लवकर जातात. मी एकदा घरी येऊन त्यांनाही पलंगावरचे व्यायाम दाखवते." मला पटलं. घरी येऊन सांगितलं तर ही एकदम भडकली. "मला कुणी बघायला यायचं नाही. एकतीस तारखेपर्यंत कुणीही नाही. ती आली तर मी तोंडावर पांघरूण घेईन."

मी म्हटलं, "अगं, तुझ्या भल्यासाठीच."

"मीही माझ्या परीने व्यायाम करतेय," ती म्हणाली. "तुमच्यासारखा गॅलरीत उभं राहून जगाला दाखवत नाही, एवढंच."

बाईंना उद्याच नको म्हणून सांगायचं ठरवलं. हिच्या अंगात स्वेटर आहे, वर दोन पांघरुणं. बाहेर डांबर वितळतंय. पडून राहिलं की रक्त थंड होतं, असं ती म्हणते.

मुलीचा फोन आला. ही तिच्याशी खणखणीत आवाजात बोलली. फोन ठेवल्यावर मात्र लगेच झोपली, दुपारचे चार वाजेपर्यंत.

२२ मे, बुधवार

कंडक्टरशी भांडण झालं. चहाच्या वेळी मी सांगत होतो की आता हिला उचलताना धापसुद्धा लागत नाही. तो म्हणाला, "जादू आहे बुवा तुमच्या घरात. इथे वीस किलोची पिशवी घेताना तुमची मान लालबुंद होते, आणि घरी वहिनी कापसाच्या होतात. साहेब, मापात पाप नाही ना?"

चौतीस वर्षं ज्याने दुसऱ्यांच्या मापातलं पाप धरलं त्याला हे ऐकवायचं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, तुला बायको असती तर कळलं असतं, माणूस उचलायला नुसता हात लागत नाही. त्याने चहाचा कप खाली ठेवला. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी गेली, हे मला माहीत होतं. मी तरीही बोललो.

घरी येताना वाईट वाटत होतं. पण हिला उचलली आणि सगळं विसरलो. एका हाताने पाठ, एका हाताने गुडघे, नवरी उचलतात तशी. ती माझ्या मानेत तोंड घालून म्हणाली, "आता नाही ना पाठवणार मला?"

"कुणाची टाप आहे," मी म्हटलं.

३१ मे, शुक्रवार

मुलगी अकरा वाजता आली. ही पांघरुणात, केस विंचरून, स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावून तयार होती. मी पट्टा घेतलाच नाही. पलंगावरून खुर्चीत. खुर्चीतून संडासात. संडासातून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. मग मुलीने न सांगता पुन्हा एकदा. मला घामसुद्धा आला नव्हता. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, मी हरले," ती म्हणाली आणि फोन करून केंद्रातली जागा सोडली. ही डोळे मिटून हसत होती. आयुष्यात इतका ताठ मी कधी उभा राहिलो नसेन.

मग मुलगी म्हणाली, "आज आईचं अंग मी पुसते." ही नको नको म्हणाली, पण मुलगी कुणाची? तिने दार ओढून घेतलं.

बाहेर आली तेव्हा ओला टॉवेल तिच्या हातात तसाच होता. मला म्हणाली, "बाबा, आईचं वजन किती आहे?"

"चौपन्न. कागदावर आहे."

"कागद डिसेंबरचा आहे. आज किती आहे?"

मी उठून चपला घातल्या.

शेजारीणबाईंकडून वजनकाटा आणला. उभं राहून वजन करायचा काटा आणि ही उभी राहू शकत नाही. काट्यावर फळी ठेवली, फळीवर प्लास्टिकची खुर्ची. दोन्ही मिळून सहा किलो दोनशे. मग हिला उचलून खुर्चीत ठेवली आणि हात काढून घेतले. शेहेचाळीस. वजाबाकी माझी तोंडी झाली. एकोणचाळीस किलो आठशे.

काटा चुकीचा असणार. मी माझी वीस आणि दहा किलोची वजनं आणून काट्यावर ठेवली. बरोबर तीस. दोन वेळा ठेवली. मुलगी म्हणाली, "बाबा, पुरे."

१ जून, शनिवार

सकाळी मुलगी रुग्णवाहिकेची चौकशी करायला खाली गेली तेव्हा मी हिच्याजवळ बसलो. मला राग आला होता, असं लिहायला हवं. मी म्हटलं, "का केलंस?"

"तुम्हीच म्हणालात, चौपन्न उचलता यायला हवेत. तुम्हाला अठरा येत होते. तुम्ही एका बाजूने चढत होता, मी दुसऱ्या बाजूने उतरत होते. मधे कुठेतरी गाठ पडलीच असती. पडली की नाही?"

"आणि ताट?"

"मांजर होतं. मांजर नसलं की रुमालात बांधून उशीच्या अभ्र्यात." तिने स्वेटरची बाही ओढून घेतली. "पहिले पंधरा दिवस जड गेले. मग भूकच मेली. तुम्ही गॅलरीतून हाशहुश करत यायचात आणि म्हणायचात, आज हलकी वाटलीस. मला वाटायचं, चला, आजचा दिवस कामी आला."

मी सांगितलं होतं की प्रमाण वजन बदलत नसतं. ज्या दुकानदाराचं वजन आतून पोखरलेलं असायचं त्याला मी हातात घेताक्षणी ओळखायचो. तराजूवर ठेवायचीसुद्धा गरज पडायची नाही. हिला मी रोज चार वेळा उचलत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि दिवा म्हणून मी मिरवत होतो.

६ जून, गुरुवार

वॉर्ड. नाकातून नळी घातली आहे. डॉक्टर म्हणाले, खाणं तोडलं की शरीर स्वतःचे स्नायू खायला लागतं. आधी मांड्या, मग दंड. मी विचारलं, आता खायला घातलं तर परत येईल ना सगळं? माझे तर सत्तरीनंतर आले. ते म्हणाले, "आजोबा, हृदय हाही एक स्नायूच असतो." एवढंच म्हणून पुढच्या पलंगाकडे गेले.

व्यायामाच्या बाई आल्या. हिने तोंडावर पांघरूण घेतलं नाही. बाईंनी हिच्या पायाचा तळवा हातात धरून सांगितलं, मला ढकला. हिने ढकललं असावं, मला दिसलं नाही. बाई म्हणाल्या, शाब्बास काकू. बाहेर आल्यावर भिंतीला टेकून रडल्या. म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही नको म्हणालात तरी मी यायला हवं होतं." नको मीच म्हटलं होतं.

इथेही भेटायची वेळ चार ते पाचच आहे.

१३ जून, गुरुवार

आज नळी काढून चमच्याने दूध दिलं. चार चमचे घेतले. मग तोंड मिटलं. "फार नको. परत जड झाले तर पाठवाल."

मुलगी म्हणाली, "आई, कुणी कुठे पाठवणार नाही. मी जागा सोडलीय. माझ्या गळ्याची शपथ." हिने माझ्याकडे बघितलं. तिचा मुलीपेक्षा माझ्या शब्दावर विश्वास, आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "चौपन्नची साठ झालीस तरी मी उचलीन." तिने पाचवा चमचा घेतला.

१७ जून, सोमवार

सकाळी सव्वानऊला गेली. मी खाली फॉर्म भरत होतो. त्यात एक रकाना वजनाचा होता.

१५ जुलै, सोमवार

मुलगी मला घेऊन जायचं म्हणते. मी म्हटलं, महिनाभर थांब. तिला वाटलं घर सुटत नाही. मला एक तपासणी करायची होती.

आज दीड महिन्याने वर्गात गेलो. कंडक्टर उठून माझ्यासाठी खुर्ची सरकवायला आला. त्याने सरळ हाताला धरून बसवलं, साहेब म्हणाला नाही. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "तुम्ही म्हणालात ते खरंच होतं. नुसता हात लागत नाही."

वर्ग संपल्यावर बाईंना सांगितलं, मला चौपन्न किलो उचलून बघायचे आहेत. त्या म्हणाल्या, "नाही. काका, याने काय मिळणार तुम्हाला?" मी म्हटलं, नोंद. त्या ऐकेनात. तेव्हा कंडक्टर म्हणाला, "मी भरतो एकावन्न. परवाच दवाखान्यात केलंय. मला उचलू द्या त्यांना, बाई. पडलो तर मी पडेन."

एकावन्न त्याने सांगितलेले. मी वर्गातल्या काट्यावर त्याला उभं केलं, त्याआधी काटा माझ्या वजनांनी तपासला. वजनं मी पिशवीतून आणली होती. एकावन्नच भरला. मग त्याला खुर्चीत बसवून त्याच्या मांडीवर मी दोन किलोचं आणि एक किलोचं वजन ठेवलं. त्याने ती दोन्ही हातांनी धरली, तिकिटांची पेटी धरायचा तशी. बाईंनी त्याच्या कमरेला पट्टा बांधला आणि मागे हात पसरून उभ्या राहिल्या.

पाठ सरळ. गुडघ्यात वाकलो. छातीशी घेतलं. एक, दोन, तीन.

उचलला गेला. गुडघा थरथरला, दम लागला, मानेच्या शिरा तटतटल्या. पण हात सुटले नाहीत. एका खुर्चीतून दुसऱ्या खुर्चीपर्यंत दोन पावलं असतात, ती मी टाकली. दीड महिना मी हातात पेल्याशिवाय काही धरलेलं नाही. बाई मागे एकदा म्हणाल्या होत्या, व्यायाम सोडला की कमावलेलं थोडं तरी उतरतंच. म्हणजे एकतीस मेला माझ्या हातांत याहून जास्त होतं. म्हणजे एकतीस मेला मला चौपन्न उचलता येत होते. तिने एकही घास मांजराला घालायची गरज नव्हती. हे मी तिला सांगू शकलो असतो, एकदा जरी काट्यावर ठेवली असती तर.

"साहेब," कंडक्टर माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "आता खाली ठेवा मला."

बाईंनी नंतर सांगितलं की मी त्याला बराच वेळ धरून उभा होतो.

केलं : वर लिहिलं आहे. खाल्लं : अंडी दोन उकडली, एक खाल्लं. जमलं : चौपन्न किलो, एकदा.